चेहऱ्याचा नसशूल : कारणांचे निदान (अमरावती व अकोला)

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या मस्तिष्क-तंत्रिकेत, म्हणजे ट्रायजेमिनल नसेत, उठणारी तीव्र कळ. डॉक्टर तिला ट्रायजेमिनल न्युराल्जिया म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील अनंतवात या शिरोरोगाशी वैद्य तिचे नाते जोडतात. जॉन फॉदरगिल या इंग्रज वैद्याने 1773 मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. तोंड वाकडे होण्याचा आजार (बेल्स पाल्सी) वेगळा. तो हालचाल सांभाळणाऱ्या सातव्या तंत्रिकेचा असून दोहोंची गल्लत नेहमी होते.

नसेच्या तीन शाखा आहेत : कपाळ-डोळ्याची, गाल व वरच्या जबड्याची, आणि खालच्या जबड्याची. कळ बहुधा खालच्या दोन शाखांत, एकाच बाजूला उठते. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांमध्ये ती अधिक आढळते.

निदानाचा पाया रुग्णाच्या बोलण्यात असतो. ‘गालात करंट लागल्यावानी होते’ असे वऱ्हाडातला माणूस सांगतो, तेव्हा अर्धे निदान त्यानेच केलेले असते. झटका काही सेकंदांचा, फार तर दोन मिनिटांचा. घास चावणे, दात घासणे, दाढी करणे, बोलणे, तोंडावर पाणी मारणे एवढ्याने तो सुटतो. पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या अकोल्याच्या उन्हाळ्यात कुलरचा झोत किंवा तोंडाला बांधलेला दुपट्टाही पुरतो. रुग्ण जेवण टाळतो, बोलणे तोडतो, आणि घरच्यांना तो रुसल्यासारखा वाटतो. म्हणून कळ कधी, कशाने आणि किती वेळ, हे तीन प्रश्न तपासणीआधी शांतपणे विचारलेच पाहिजेत.

ते विचारले गेले नाहीत तर नुकसान दातांचे होते. कळ दाढेत भासते, म्हणून रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरांकडे जातो. एक दाढ काढली, कळ राहिली. दुसरी काढली, कळ तिथेच. किडलेली दाढ थंड-गरमाने दुखते, ठणका बराच वेळ टिकतो, रात्री झोप मोडतो आणि एक्स-रेत बहुधा कारण दिसते. नसेच्या दुखण्यात दोन झटक्यांमधला काळ बहुतेकदा कोरा असतो. एक्स-रेत आणि तपासणीत दोष नसताना दाढ काढणे ही चूकच आहे.

2018 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने कारणांचे तीन गट केले. पहिल्यात मेंदूच्या बुंध्याशी एखादी रक्तवाहिनी, बहुधा वरची लघुमेंदू-धमनी, नसेवर दाबून तिचा आकार बदलते. दुसऱ्यात गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा रक्तवाहिन्यांची विकृती असते. तिसऱ्यात कारण सापडत नाही. हे गट वेगळे ओळखण्यासाठी एमआरआय लागतो, आणि तोही नसेवर रोखलेल्या पातळ थरांचा. साध्या एमआरआयमध्ये दाब निसटू शकतो. मात्र नसेला टेकलेली वाहिनी काहीच न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. त्यामुळे चित्र आणि कहाणी जुळली, तरच दाब कारण ठरतो.

गालाला बधिरता, चाळिशीच्या आतले वय, दोन्ही बाजूंना कळ, कमी ऐकू येणे, तोल जाणे ही दुसऱ्या गटाची लक्षणे. म्हणून कापसाच्या टोकाने दोन्ही गालांचा स्पर्श आणि बुबुळाला टोक लावताच होणारी पापणीची उघडझाप तपासतात. या तपासणीला खर्च नाही.

वऱ्हाडात आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणाऱ्याची हनुवटी किंवा ओठ बधिर होत असेल, तोंड कमी उघडत असेल, जखम भरत नसेल, तर आधी कर्करोग तपासावा. नागीण येऊन गेल्यावरची जळजळ दिवसभर चालते आणि तिथे पुरळाच्या खुणा असतात. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेमागून आलेल्या काळ्या बुरशीतही गाल दुखत आणि बधिर होत. मधुमेही रुग्णात ती शंका आजही घ्यावी. आणि कुष्ठरोग. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ज्या कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचले, त्यांच्यापैकी ज्यांच्या डोळ्यांची संवेदना हरपते त्यांना डोळ्यातला कणही कळत नाही. तिथे दुखणे कमी आणि बधिरपणा जास्त, म्हणून चेहऱ्यावरचा चट्टा पाहिल्यावाचून तपासणी पुरी होत नाही.

1962 पासून वापरात असलेल्या कार्बामाझेपिन या औषधाने कळ थांबली, तर निदानाला बळ मिळते. पण गाठीमुळे उठलेली कळही त्याने थांबू शकते. गुण आला म्हणून एमआरआय टाळू नये. अंगावर पुरळ उठल्यास गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

दाढ काढायची वेळ आली, तर डॉक्टरांना एवढे विचारा : एक्स-रेत दोष नेमका कुठे आहे?