१७. श्वेत बटू जोडीदार

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपल्यावर उरणारा, साधारण पृथ्वीएवढ्या आकाराचा, दाट, तप्त गाभा म्हणजे श्वेत बटू. तो तेजस्वी ताऱ्याचा जोडीदार असेल तर दृश्य प्रकाशात त्याच्या उजेडात हरवतो. मात्र तापमान जास्त असल्यास अतिनील किरणांत उठून दिसतो. यातले बहुतेक किरण पृथ्वीचे वातावरण अडवते. त्यामुळे हिमालयातूनही हे काम जमत नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर यासाठी ‘यूव्हीआयटी’ ही ३७.५ सेंमी व्यासाची जोडदुर्बीण बसवली होती. तिच्या उभारणीत पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचाही वाटा होता. एम ६७ हा कर्क राशीतील सुमारे ४ अब्ज वर्षे वयाचा तारकागुच्छ. त्यातल्या एका ‘ब्लू स्ट्रॅग्लर’चा (गुच्छाच्या वयाला न शोभणाऱ्या निळ्या, तेजस्वी ताऱ्याचा) श्वेत बटू जोडीदार ‘यूव्हीआयटी’च्या निरीक्षणांतून सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या बटूचे वस्तुमान सूर्याच्या जेमतेम ०.१८ पट. एकट्या ताऱ्यापासून इतका हलका बटू बनायला विश्वाचे आजवरचे वयही अपुरे पडते. म्हणून त्याच्या मूळ ताऱ्याचा वायू जोडीदाराने ओढून घेतला, हाच निष्कर्ष निघतो.