शॅमेलिऑन पाळायचाय? मग रीलमध्ये न दिसणाऱ्या या गोष्टी वाचाच

हिरवागार सरडा फांदीवर डुलत डुलत येतो. मालक बोट पुढे करतो, सरडा अलगद बोटावर चढतो, मग खांद्यावर आणि शेवटी थेट डोक्यावर. असा रील पाहिला की अनेकांच्या मनात एकच प्रश्न येतो, हा कुठे मिळेल?

पण त्या रीलमध्ये नेमकं काय घडत असतं? शॅमेलिऑन झाडावर राहणारा प्राणी आहे. घाबरला की तो उंच जागा शोधतो. मालकाच्या डोक्यावर तो प्रेमापोटी जात नाही, आसपास त्याहून उंच काही नसतं म्हणून जातो.

रंगाचंही तसंच. ज्या वस्तूवर ठेवाल त्या वस्तूचा रंग तो घेतो, हा गैरसमज. त्याच्या त्वचेत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. त्यांच्यातलं अंतर बदललं की परावर्तित होणारा प्रकाशही बदलतो, हे जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. हा बदल भीती, राग, ऊब, जोडीदार किंवा प्रतिस्पर्धी दिसणं यांमुळे होतो. म्हणजे हातात घेतल्यावर तो काळपट पडला, फुगला, तोंड उघडून फिस्स करू लागला, तर ती करामत नाही. 'मला सोडा' असं तो सांगतोय.

परदेशात सर्वाधिक पाळला जातो तो वेल्ड शॅमेलिऑन. डोक्यावर उंच तुरा असलेला हा सरडा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा. नर शेपटीसकट दीड-दोन फुटांपर्यंत वाढतो, नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षं जगतो. तो एकटा राहणारा आहे. एका पिंजऱ्यात दोघांना ठेवलं तर सोबत होत नाही, दोघांनाही सतत ताण येतो.

पहिली अडचण पाण्याची. वाटीतलं साचलेलं पाणी त्याला बहुधा पाणी वाटतच नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे जाळीचा उंच पिंजरा, त्यात झाडं आणि रोज फवारा किंवा ठिबक लागतं. पाणी कमी पडलं की विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग पिवळा-केशरी दिसू लागतो. अनुभवी लोक रोज तेच तपासतात.

दुसरी अडचण जास्त फसवी, उन्हाची. अतिनील-बी किरणांशिवाय त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीतून येणारं ऊन चालत नाही, कारण काच हे किरण अडवते. म्हणून खास दिवा लावतात. गंमत म्हणजे तो दिवा वर्षानंतरही लख्ख पेटलेला दिसतो, पण त्यातले उपयोगाचे किरण केव्हाच कमी झालेले असतात. दिवा सहा ते बारा महिन्यांनी बदलला नाही, तर सरड्याला मुडदुसासारखा आजार होतो. हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा सुजतो, जीभ नीट फेकता येत नाही. वाकलेली हाडं सहसा पुन्हा सरळ होत नाहीत.

ऊब देणारा दिवा वेगळा. त्याखाली साधारण ३० ते ३२ अंश तापमान लागतं. तो फार जवळ लावला तर सरडा न हलता तिथेच बसून पाठ भाजून घेतो.

खायला जिवंत रातकिडे लागतात. त्यांना आधी भाजीपाला खाऊ घालायचा, मग कॅल्शियमची पूड लावून द्यायचं. म्हणजे सरड्याच्या निमित्ताने घरात रातकिडेही पाळायचे, आणि ते रात्रभर ओरडणार! बागेतून पकडून आणावेत, तर औषध फवारणीची भीती.

मादी घेतली तर आणखी एक गोष्ट. नर नसतानाही ती अंडी घालते, एका वेळी कित्येक डझन. त्यासाठी तिला खणता येईल अशी खोल, ओलसर माती-वाळू लागते. ती नसेल तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी मरते. ताकदीबाहेर खाऊ घातलं की अंड्यांची संख्याही वाढते, म्हणजे इथे लाडही जिवावर बेततात.

आजारी शॅमेलिऑन तसं दाखवत नाही. दिवसा डोळे मिटून बसलेला दिसला, तर बहुतेकदा आजार बराच पुढे गेलेला असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर त्या दिवशी शोधून भागत नाही, तो आधीच माहीत असावा लागतो.

आता भारतातली गोष्ट. आपल्याकडे आढळणारा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. तो पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. वेल्ड शॅमेलिऑनसारखी विदेशी जातही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येते. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद 'परिवेश २.०' पोर्टलवर करणं बंधनकारक आहे. विक्रेता कागदपत्रांचा विषय टाळत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

घोयरा महाराष्ट्रातही आहे. तो विषारी नाही, तरी विषारी समजून अनेकदा मारला जातो. रस्ता ओलांडताना दिसला तर गाडी थांबवून त्याला जाऊ द्यावं. त्याला वेळ लागतो, एकेक पाऊल मागे-पुढे झुलवत तो चालतो. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवता येतं.