हरिभाऊंच्या हातातलं रेनॉल्ड्स

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी विचारलं होतं, "सर, माझा मुलगा गोष्टी लिहितो, पण वाचतो फक्त भुताखेतांचं आणि खुनांचं. त्याला थांबवू का?" तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आज जरा सविस्तर बोलतो. आपल्या उलव्यासारख्या नव्या वस्तीत, जिथे बहुतेक घरांत पुस्तकांच्या कपाटापेक्षा मोबाईल आधी आला, तिथे हा प्रश्न बऱ्याच जणांचा असणार. मात्र उत्तर मी मानसशास्त्रातून देणार नाही, मराठी कादंबरीच्या इतिहासातून देणार आहे.

हरी नारायण आपटे. जन्म 1864 चा, खानदेशातला. आई लहानपणीच गेली. पुढे पुण्यात, काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या आश्रयानं, वाढ झाली. काका नामांकित वकील, आनंदाश्रमाचे संस्थापक. 1880 मध्ये चिपळूणकर, टिळक वगैरे मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि हा मुलगा तिथे दाखल झाला. कॉलेजात गणितानं दगा दिला, पदवी काही मिळाली नाही. पण वाचन? ते अफाट होतं. एकीकडे संस्कृत काव्य, दुसरीकडे शेक्सपिअर, स्कॉट, डिकन्स. चिपळूणकर गेले तेव्हा, 1882 मध्ये, 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य लिहिलं. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, तर या विशीच्या आतल्या पोरानं त्याचं लांबलचक, बारकाईनं चुका दाखवणारं परीक्षण लिहिलं! आगरकरांसारख्या माणसाच्या भाषांतरावर! शेक्सपिअर नुसता चाळून हे जमत नाही.

आता गंमत बघा. एवढं उंची साहित्य वाचणारा हा तरुण कादंबरी लिहायला बसला तेव्हा त्याच्यासमोर कोण होतं? शेक्सपिअर नाही, डिकन्स नाही. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स! 1885 साली 'पुणेवैभव'मध्ये 'मधली स्थिती' येऊ लागली, ती रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीचा आधार घेऊन.

हा रेनॉल्ड्स कोण? लंडनमध्ये आठवड्याला एक पेनी किमतीत ज्याच्या रहस्यकथा खपायच्या तो. गुन्हेगारांचे अड्डे, फसवलेल्या बायका, सरदारांच्या हवेल्यांतली पापं. सुशिक्षित इंग्रज नाकं मुरडायचे, आणि हिंदुस्थानात मात्र त्याची पुस्तकं धडाधड खपत होती. आजच्या भाषेत अगदी 'टाइमपास'. पण दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही: हा गृहस्थ चार्टिस्ट होता. कामगारांना मताचा हक्क मिळावा म्हणून सभा गाजवणारा. त्याच्या भडक गोष्टींच्या तळाशी खरा संताप होता.

त्याआधीची मराठी कादंबरी आठवा. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 चं. त्यात विधवांची दुःखं होती, पण ती वाट पुढे कोणी चालवली नाही. मग हळब्यांची 'मुक्तामाला', रिसबुडांची 'मंजुघोषा'. पळवापळवी, ताटातूट, शेवटी सगळ्यांची भेट. 1872 मध्येच काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून या अवास्तवपणाला हटकलं होतं. म्हणजे "पोरं भलतंच वाचतात" ही तक्रार आपल्याकडे दीडशे वर्षं जुनी आहे.

हरिभाऊंनी रेनॉल्ड्सकडून राजकुमार घेतला नाही. शहर घेतलं. लंडनच्या गल्ल्यांच्या जागी पुण्याचे वाडे आले, नवशिक्षितांची व्यसनं आली, जुनं सुटलेलं आणि नवं न सापडलेलं अशी मधली पिढी आली. मम्मट 'काव्यप्रकाशा'त कवीला तीन गोष्टी लागतात म्हणतो: शक्ती, निपुणता, अभ्यास. आणि निपुणता कशानं येते? लोकव्यवहार, शास्त्र आणि काव्य यांच्या अवलोकनानं. त्यात लोक पहिला, हे आपण विसरतो. रेनॉल्ड्स वाचणारे त्या काळी हजारो होते. रेनॉल्ड्स वाचून मान वर करून शनिवार-सदाशिव पेठेकडे पाहणारा मला तरी एकच दिसतो. राजशेखरानं तर 'काव्यमीमांसे'त उसनवारीचे प्रकार एकेक करून नोंदवलेत. उसनं घेण्यात त्याला पाप वाटत नाही. घेतलेल्याचं काय केलंत, एवढंच तो पाहतो.

1890 मध्ये हरिभाऊंनी साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ठेवलं 'करमणूक'. ज्ञान, सुधारणा, असलं काही नाही. करमणूक! हे रेनॉल्ड्सच्या वाचकाचंच नाव. आणि त्याच करमणुकीत 'पण लक्षात कोण घेतो' हप्त्याहप्त्यानं आली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडानं आपली हकिकत सांगते: लग्न, सासर, वैधव्य, केशवपन. पुढच्या आठवड्यात काय होणार म्हणून थांबलेला वाचक हप्ता उघडतो, तो एका विधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरताना पाहतो. उत्कंठा लावण्याची ही विद्या व्याख्यानं ऐकून येत नाही, ती पेनीच्या पुस्तकातून येते. अर्थात यमूचा आवाज रेनॉल्ड्सनं दिला नाही. तो आसपासच्या घरांतून आला. काशीबाई कानिटकरांसारख्या लिहित्या स्त्रीची मैत्री हरिभाऊंना लाभली होती, हेही इथे विसरू नये.

स्कॉटचं देणं वेगळं. 'उषःकाल' घ्या. शिवाजी महाराज आहेत, पण कथा फिरते एका काल्पनिक किल्लेदाराच्या घराभोवती. बाप विजापूरशी इमानी, मुलगा स्वराज्याकडे ओढलेला. मोठा पुरुष बाजूला, घरातली फाटाफूट मध्ये, ही स्कॉटची रीत.

तेव्हा त्या बाईंना माझं उत्तर: थांबवू नका. पण तो फक्त तेच वाचत असेल, तर शेजारी काहीतरी ठेवा. हरिभाऊंकडे एकटा रेनॉल्ड्स असता तर आणखी एक 'मुक्तामाला' झाली असती, आणि एकटं संस्कृत काव्य असतं तर विलापच चालू राहिले असते.

सवयीची किंमतही असते, ती लपवत नाही. आठवड्याच्या हप्त्याला जुंपलेला लेखक पसरट होतो. हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे, तुम्ही वाचाल तेव्हा मधली पानं उलटालच. आणि हप्ते सुरू केले की संपतीलच असं नाही. 'आजच', 'मायेचा बाजार', 'कर्मयोग', तिन्ही अपुऱ्या राहिल्या. 1917 मध्ये 'करमणूक' थांबलं, 1919 मध्ये हरिभाऊ गेले. 'कर्मयोगा'तल्या माणसांचं पुढे काय झालं, ते कोणालाच कळलं नाही.