छिन्नीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

भाजे, कार्ले, अजिंठा ही नावे आपल्या घराघरांत आहेत. सहली जातात, फोटो निघतात, माणसे परत येतात. पण हे डोंगर कुणी, कोणत्या क्रमाने कोरले, हा प्रश्न थोडेच विचारतात. निदान कष्टकऱ्याने तरी तो विचारला पाहिजे. संगणकावरील चलत्‌चित्र, ज्याला ॲनिमेशन म्हणतात, या प्रश्नाचे उत्तर आज डोळ्यांपुढे उभे करू शकते.

घर बांधताना आधी पाया, शेवटी छप्पर. लेण्यात सगळे उलटे! आधी छत कोरायचे, मग खाली उतरत खांब आणि शेवटी जमीन. त्यामुळे उंच परांचीची गरज पडत नसे. खांब आणि स्तूप बाहेरून आणलेले नाहीत; ठेवायचा तेवढा दगड ठेवून बाकीचा काढला. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले आहे. मागावरचे अपुरे कापड बघून विणकराला उभा-आडवा धागा कळतो, तसे अपुऱ्या लेण्यातून कामाचा क्रम कळतो. हेच टप्पे जोडून डोंगराचे चैत्यगृह कसे झाले ते पडद्यावर दाखवता येते.

भाज्याचे चैत्यगृह इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातले. त्याची दर्शनी बाजू लाकडाची होती, ती आता नाही. पण लाकूड बसवण्याच्या खाचा दगडात आहेत. खांब आत कललेले आहेत, म्हणजे दगडात लाकडी घराचीच नक्कल केली आहे. या खाचांची मापे घेतली तर गेलेली लाकडी भिंत संगणकावर पुन्हा उभी करता येते. कार्ल्याला सुमारे ३८ मीटर लांबीच्या चैत्यगृहात लाकडी कमानी आजही आहेत, आणि तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकटचा सुतार सामी याने दाराचे काम केल्याचे कोरले आहे. राजे-सावकारांची नावे इतिहासात येतातच. इथे सुताराचे नाव दगडावर आले, ते चित्रातही आले पाहिजे.

हे नुसते स्वप्न नाही. बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्ती तालिबानने मार्च २००१ मध्ये उडवून दिल्या. त्यानंतर झुरिचच्या प्रा. आर्मिन ग्रून यांच्या पथकाने १९७० साली घेतलेल्या छायाचित्रांवरून मोठ्या मूर्तीची संगणकीय प्रतिकृती तयार केली. गुजरातेत पाटणच्या राणी की वाव या विहिरीची २०११ मध्ये लेझरने मोजणी झाली. आपल्याकडे नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याची झिजलेली चित्रे संगणकावर पुन्हा उजळण्याचे काम केले आहे. मूळ वास्तूला हातही न लावता हे सगळे होते.

पण एक धोका आहे. नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. भिक्खुसंघाला दिलेली दाने तिथल्या शिलालेखांत स्पष्ट लिहिलेली आहेत, तरी तोंडी पडलेले नाव निघत नाही. तोंडच्या शब्दाची ही ताकद, तर हलत्या चित्राची किती असेल बघा! एकदा पोराने पडद्यावर पाहिले की तेच त्याला खरे वाटणार. म्हणून प्रत्यक्ष मोजलेला भाग एका रंगात आणि अंदाजाने भरलेला भाग दुसऱ्या रंगात दाखवावा. अंदाज करायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे प्रेक्षकाला सांगितलेच पाहिजे.

आपल्या कबनूरच्या विहाराला काय करता येईल? भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर असे चित्र दाखवता येईल. डोंगर चढू न शकणाऱ्या म्हाताऱ्या आईला बसल्या जागी कार्ले दिसेल. आणि मुलांनी जवळच्या पोहाळ्याच्या लेण्यांत जावे, परवानगी काढून टेपने मापे घ्यावीत, कागदावर आराखडा काढावा. भिंतीवर स्वतःचे नाव मात्र कोरू नये. संगणक कितीही महागाचा असला तरी त्यात आधी खरे माप घालावे लागते, आणि ते घेणारा हात आपल्या मुलांचा असावा.