तांदळाच्या पिशवीतून ताटात



साधू-साध्वी गोचरीला येतात तेव्हा आपण त्यांना कच्चे धान्य देत नाही. ते चालतच नाही, शिजलेला आहारच द्यायचा. शाळेतल्या मुलांच्या बाबतीत हे कळायला मात्र आपल्याकडे सात-आठ वर्षे गेली.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तेव्हा महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की ३ किलो तांदूळ घरी मिळे. मी कॉमर्सची, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. दिवसाला १०० ग्रॅम. पण पिशवी घरात आली की ती एकट्या पोराची कशी राहील? सगळ्यांच्याच पोटात जाणार, त्यात आईचा काय दोष! आणि आपल्या पाथर्डी-जामखेडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. सोबत गेलेल्या मुलाची हजेरी भरायची कशी? म्हणजे ज्याला गरज जास्त, त्याचीच पिशवी चुकायची.

दक्षिणेत तोवर कधीच पंगती बसत होत्या. मद्रास राज्यात कामराजांनी १९५६ च्या सुमारास शाळेत जेवण सुरू केले, पुढे १९८२ मध्ये एमजीआर यांनी ते खूप वाढवले. बाकी देशाला सुप्रीम कोर्टाने सांगावे लागले. २८ नोव्हेंबर २००१ चा तो आदेश: शिजवलेलेच जेवण द्या, किमान ३०० कॅलरी, वर्षात किमान २०० दिवस. २००४ मध्ये कोर्टाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यायला सांगितले. आपल्या जिल्ह्याला याची किंमत सांगायला नको.

मग शाळाशाळांत खिचडी शिजू लागली. जो मुलगा ज्या दिवशी आला, तो त्या दिवशी जेवला. शिजवणाऱ्या बायकांना मात्र २००९ मध्ये केंद्राने मानधन ठरवले महिना १,००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने! शंभर पोरांचा स्वयंपाक आपण घरी एकदा करून पाहावा.

आता अंड्याचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा सरकारी निधी थांबला आणि आपल्यातल्या अनेकींना बरे वाटले. मलाही वाटले, खोटे कशाला बोलू? पण अंडे गेले, त्या जागी शेंगदाणे, मटकी, दूध किती वाढले? जवळच्या शाळेत जाऊन हे विचारायचे काम आता आपलेच आहे. मी सोमवारी जाणार आहे, कोणाला यायचे असेल तर सांगा.