रक्तातले सेरोटोनिन, मनातली धास्ती आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे दिवस

सेरोटोनिन हा शब्द तुम्ही बहुधा ‘आनंदाचे रसायन’ या बिरुदासह ऐकला असेल. पण हे रसायन पहिल्यांदा मेंदूत सापडले नाही. ते आतड्यात आणि रक्तात सापडले, आणि त्याला नाव दिले ते रक्तदाबावर संशोधन करणाऱ्यांनी. झटका येऊन गेलेल्या माणसाची चिंता आणि त्याच्या हृदयाची प्रकृती यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर हा इतिहास क्रमाने पाहावा लागतो.

जुनी जाणीव

‘त्याने हाय खाल्ली’ असे आपण म्हणतो. मनाचा धक्का काळजापर्यंत पोहोचतो, ही समजूत सगळीकडे आहे. रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडणाऱ्या विल्यम हार्वेने 1628 च्या ग्रंथात भीती, आशा, सुख, दुःख यांचा परिणाम हृदयापर्यंत जातो असे नोंदवले आहे. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांना अंजायना होता. आपल्याला चिडवणाऱ्या कोणाच्याही हाती आपला जीव आहे, असे ते म्हणत. 1793 मध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयातील एका वादळी बैठकीनंतर त्यांचा मृत्यू झाला. पण या सगळ्या नोंदी होत्या, मोजमाप नव्हते.

अंथरुणातून खुर्चीकडे

1912 मध्ये शिकागोचे जेम्स हेरिक यांनी दाखवले की हृदयाच्या धमनीत गुठळी झाली तरी माणूस जगू शकतो. मग त्याला जपायचे कसे? उत्तर ठरले सक्तीची विश्रांती. रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणात निजवून ठेवत. असा माणूस छताकडे बघत आपले आयुष्य संपले असे मानू लागे. 1952 मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णांची प्रकृती बिघडली नाही, आणि त्यांना धीरही आला. 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. बरे होऊन ते 1956 ची निवडणूक लढले आणि जिंकले. झटक्यानंतरही काम करता येते, हे त्यामुळे जगाने पाहिले.

रक्तातून मेंदूपर्यंत

याच काळात दुसरीकडे रसायनशास्त्राची वाटचाल चालू होती. इटलीच्या व्हित्तोरियो एर्स्पामेर यांनी 1930 च्या दशकात आतड्याच्या पेशींतून एक द्रव्य वेगळे करून त्याला ‘एंटेरामिन’ म्हटले. 1948 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमधील मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज यांनी रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य मिळवले. सीरममधले, वाहिन्यांचा ताण वाढवणारे, म्हणून ‘सेरोटोनिन’. पुढे दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे कळले. 1953 मध्ये बेटी ट्वॅरॉग आणि पेज यांनी तेच द्रव्य मेंदूतही असल्याचे दाखवले.

यातला एक धागा भारतातला आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाबद्दल ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष तिच्याकडे गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. हे औषध घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. 1955 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले की रेसर्पिन शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिता करते. सेरोटोनिनची कमतरता आणि नैराश्य यांची सांगड घालणाऱ्या कल्पनेला यातून बळ मिळाले. म्हणजे मनाच्या औषधांचा एक रस्ता रक्तदाबाच्या गोळीवरून गेला आहे.

निरोप एक, परिणाम वेगवेगळे

आता यंत्रणा पाहू. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यात तयार होते. रक्तातील प्लेटलेट ते शोषून साठवतात. शोषण करणारे वाहक प्रथिन मेंदूच्या चेतापेशींवर असते, तेच प्लेटलेटवरही असते. धमनीला इजा झाली की प्लेटलेट हा साठा सोडतात आणि आणखी प्लेटलेट गोळा व्हायला मदत होते. 1991 मध्ये रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसले की सेरोटोनिनमुळे निरोगी हृदयधमनी रुंदावते, तर रोगट धमनी आकसते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे चटकन समजेल: सिग्नल तोच, पण तो घेणारी प्रणाली बदलली की आउटपुट बदलते. म्हणून सेरोटोनिन ‘चांगले’ की ‘वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

मोजमापाचा काळ

1993 मध्ये माँट्रियलच्या नॅन्सी फ्रॅझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या 222 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील साधारण सहापैकी एकाला तीव्र नैराश्य होते, आणि सहा महिन्यांत दगावण्याचा धोका या गटात कित्येक पटींनी जास्त आढळला. आजाराची तीव्रता हिशेबात घेतल्यावरही संबंध टिकला. 1996 मध्ये डेब्रा मोझर आणि कॅथलीन ड्रॅकप यांनी दाखवले की झटक्यानंतर लगेच ज्यांची चिंता जास्त असते, त्यांना रुग्णालयातच अधिक गुंतागुंती होतात.

पण संबंध म्हणजे कारण नव्हे. मन खचलेला माणूस औषधे चुकवतो, चालायला घाबरतो, रात्र जागून काढतो. ॲड्रेनालिनसारखी तणावाची संप्रेरके वाढतात ती वेगळीच. सेरोटोनिन आणि प्लेटलेट हा अनेक दुव्यांपैकी एक दुवा आहे.

औषध देऊन पाहिले तेव्हा

नैराश्यावरील जुनी ट्रायसायक्लिक औषधे हृदयाच्या लयीला धोक्याची होती. त्यामुळे हृदयरुग्णाच्या मनावर उपचार करायला डॉक्टर बिचकत. 1987 मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि सेरोटोनिनचे पुनर्शोषण रोखणाऱ्या औषधांचा वापर वाढला. 2002 मध्ये 369 रुग्णांवरील चाचणीत सर्ट्रालिन झटक्यानंतरही हृदयाला सुरक्षित ठरले. 2003 मध्ये 2,481 रुग्णांवरील मोठ्या चाचणीत मानसोपचाराने नैराश्य थोडे कमी झाले, पण मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे कमी झाले नाही. 2018 मध्ये दक्षिण कोरियातील 300 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. 24 आठवडे एस्सिटालोप्राम घेतलेल्यांपैकी 40.9 टक्के आणि नकली गोळी घेतलेल्यांपैकी 53.6 टक्के रुग्णांना पुढच्या सुमारे आठ वर्षांत हृदयाचा गंभीर त्रास किंवा मृत्यू यांना सामोरे जावे लागले. मात्र एकूण मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक नव्हता.

याच औषधांमुळे प्लेटलेटमधले सेरोटोनिन घटते. गुठळीच्या दृष्टीने ते उपयोगी असू शकते, पण ॲस्पिरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून अशी गोळी मनाने सुरू किंवा बंद करायची नाही. घेत असलेली सगळी औषधे डॉक्टरांना सांगायची.

2022 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सेरोटोनिन कमी पडते म्हणून नैराश्य येते, याला सुसंगत पुरावा नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यावर वाद झाला. पण औषध कसे काम करते हा प्रश्न आणि औषधाने गुण येतो का हा प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र करू नका.

यातून काय घ्यायचे?

हृदयाचे आयुष्य वाढते हे सिद्ध झाले तरच मनावर उपचार करावा, अशी अट घालण्याचे कारण नाही. झटक्यानंतरची भीती हे स्वतःच एक दुखणे आहे, आणि त्यावर उपाय आहेत. तुमच्या घरी कोणी अँजिओप्लास्टी करून परतले असेल, तर ‘गोळ्या घेतल्या का?’ या प्रश्नानंतर आणखी दोन प्रश्न विचारा: ‘झोप लागते का? एकटे चालायला भीती वाटते का?’ उत्तर ‘हो, भीती वाटते’ असे आले, तर पुढच्या तपासणीत छातीच्या दुखण्याइतक्याच स्पष्टपणे ते डॉक्टरांच्या कानावर घाला.