ओढ आणि ओझं

इंग्रजीतला 'ड्रॅग' हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. शब्दकोशात त्याचे अर्थ दिले आहेत ते असे : ओढणे, फरफटत नेणे, रखडणे. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे अर्थ वेगळे पाठ करावे लागत नाहीत. कर्जाची फाईल एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला जेवढा काळ घेते, तेवढ्यात माणूस बैलगाडीने पंढरपूरला जाऊन येईल. तेव्हा 'ड्रॅग रेस' म्हणजे सर्वांत जलद जाण्याची शर्यत, हे कळलं त्या दिवशी साहेबाच्या विनोदबुद्धीबद्दल माझा आदर दुणावला.

या शर्यतीचा रस्ता पाव मैलाचा असतो. १३२० फूट, म्हणजे आपले ४०२ मीटर. अगदी सरळ. वळण नाही, चढ नाही, खड्डा नाही. (इथेच ही गोष्ट आपल्याकडची नव्हे याची खात्री पटते.) दोन गाड्या शेजारी उभ्या राहायच्या, हिरवा दिवा लागला की सुटायच्या आणि दहा-बारा सेकंदांत सगळा खेळ खलास. एवढ्यासाठी माणसं वर्षभर गाडीखाली उताणी पडून असतात.

याची सुरुवात झाली अमेरिकेत. १९३० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर जुन्या फोर्ड गाड्या पिटाळायची. मग महायुद्ध झालं, संपलं आणि लष्कराच्या धावपट्ट्या ओस पडल्या. रिकामी जागा आणि रिकामा तरुण एकत्र आले की काय होतं हे सांगायला नकोच. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळावर रीतसर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स या गृहस्थांनी या खेळाची राष्ट्रीय संघटना काढली. हेतू मोठा समंजस होता : पोरं रस्त्यावर मरण्यापेक्षा मैदानात नियमाने पळोत. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर हल्लीहल्ली अशा शर्यती झाल्या, त्याही धावपट्टीवरच. विमानाची वाट बघून कंटाळलेली पट्टी मोटारीच्या नादाला लागते, हा नियम दोन्ही देशांत सारखा दिसतो.

पण मोटारी पळवून भागेना, तेव्हा माणसाची नजर ट्रककडे गेली. ट्रक म्हणजे वाहनांमधला थोरला भाऊ. त्याने संसाराचं ओझं वाहावं आणि धाकट्यांनी मिरवावं, अशी जुनी वाटणी. त्या थोरल्या भावाला शर्टाची बटणं उघडी टाकून शर्यतीत उतरवणं हा अमेरिकेचा पराक्रम. तिथल्या 'शॉकवेव्ह' नावाच्या ट्रकला तर तीन जेट इंजिनं बसवली होती आणि तो ताशी सहाशे किलोमीटरपर्यंत गेला होता. जुलै २०२२ मध्ये मिशिगनमधल्या एका प्रदर्शनात त्याच ट्रकला अपघात झाला आणि चालक प्राणाला मुकला. गंमत संपते तिथे खतावणीत खर्चाची बाजू सुरू होते. ती बाजू कोणी बघत नाही, एवढंच.

आपण मात्र अमेरिकेला नावं ठेवू नयेत. ओझ्याचं वाहन हलकं करून पळवण्याची कला आपल्याकडे कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी जुनी आहे. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगावकडे यात्रेतल्या घाटात बैलगाडा सुटतो तो एकटाच, घड्याळाविरुद्ध. 'भिर्रर्र' म्हणेपर्यंत बारी संपते. विदर्भात शंकरपट भरतो, तिथे तर सेकंदाचे शंभर तुकडे करून निकाल लावतात. आणि गाडीचं काय करतात? साटा काढतात, कडबा-पोती वाहायची सगळी सोय काढतात आणि माणूस जेमतेम टेकेल एवढी फळी ठेवतात. ड्रॅग रेसवाला तरी वेगळं काय करतो?

खर्चाची बाजू इथेही आहे. ट्रकला शेपूट नसतं, बैलाला असतं. ते पिरगाळता येतं. ट्रकला आर टोचली तर तो जागचा हलत नाही, बैल हलतो. म्हणून २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ करायला बंदी असलेल्या प्राण्यांत बैलाचं नाव घातलं आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. बारा सेकंदांच्या शर्यतीचा निकाल लागायला बारा वर्षं. याला म्हणतात खरी ड्रॅग रेस!

आता ट्रकचा इतिहास बघा. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा सुरुवात ट्रकनेच झाली. १९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढले; १९६९ मध्ये करार संपला आणि ट्रकच्या नाकावरचा तारा जाऊन तिथे 'टी' आला. १९८६ मध्ये चारशेसात आली. हे सगळे ट्रक आले आणि आपल्या मिस्त्रींनी त्यांत सुधारणा सुरू केल्या. पण कोणत्या? मागे दोन कमानपाटे जास्त टाक, फाळक्यावर फळ्या चढव, हौदा उंच कर. अमेरिकेतला मिस्त्री ट्रकमधून काय काढता येईल ते बघतो, आपला मिस्त्री आणखी काय भरता येईल ते बघतो. शेवटी जुलै २०१८ मध्ये सरकारनेच आसावर चालणाऱ्या वजनाची मर्यादा वाढवून टाकली. सवय मोडत नसेल तर तिला नियम म्हणावं, हे धोरण घरातही उपयोगी पडतं.

ट्रक पळवण्याची हौसही आपण भागवून घेतली. मार्च २०१४ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर टाटांच्या 'प्रायमा' ट्रकची शर्यत झाली. त्या वर्षी ट्रक आपले आणि चालवणारे परदेशी. २०१६ मध्ये मात्र आपले ट्रकचालक निवडून, शिकवून उतरवले. आयुष्यभर 'सावकाश जा, घरी कोणी वाट बघतंय' असं पाठीवर लिहून हिंडलेल्या माणसाला 'जोरात जा, सगळे बघतायत' असं सांगितल्यावर काय वाटलं असेल?

पाव मैलासाठी ट्रक तयार करायचा तर पहिली गोष्ट म्हणजे वजन कमी. स्टेपनी काढा, हौदा काढा, क्लीनरला घरी पाठवा. दुसरी गोष्ट ताकद. डिझेल इंजिनात जास्त तेल सोडायचं आणि टर्बोने जास्त हवा कोंबायची. हवा कमी पडली की तेल नीट जळत नाही आणि मागून काळा धूर निघतो. म्हणजे आपले पैसेच आकाशात जाताना दिसतात. शिवाय या खेळात एक आडाखा आहे : वजनाला ताकदीने भागा, येईल त्याचं घनमूळ काढा, वेळ त्या प्रमाणात. म्हणजे वेळ निम्म्यावर आणायची तर ताकद आठपट हवी! बी. कॉम.ला घटत्या फलाचा सिद्धांत मी तीन वेळा वाचला होता, पण तो कळला तो या ट्रकमुळे.

आणि खरी मेख पुढेच आहे. सगळं ओझं काढून ट्रक हलका केला, इंजिन राक्षसासारखं केलं, की हिरवा दिवा लागल्यावर ट्रक जागच्या जागी चाकं फिरवत राहतो. कारण ट्रकला ढकलतात ती मागची चाकं, आणि ती जमिनीला धरून राहतात ती हौद्यातल्या मालाच्या वजनाने. माल काढला की पकड गेली. मग शर्यतवाले काय करतात? जड बॅटऱ्या उचलून मागे नेतात, मागच्या आसावर वजनं बांधतात. पुढच्या दारातून काढलेलं ओझं मागच्या दाराने परत! डोक्यावर थोडं कर्ज असलेला माणूस ऑफिसात वेळेवर येतो, हे आमचे मॅनेजर म्हणायचे ते उगीच नाही.

हे सगळं मी सुरगाण्याच्या एका खातेदाराला सांगितलं होतं. त्याचा पिकअप आमच्या बँकेकडे तारण. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, मोकळीच गाडी पळवायची, तर भाडं कोन देतं?"

मी म्हटलं, "भाडं नाही. बक्षीस."

"आन् हप्ता?"

या प्रश्नावर ड्रॅग रेसिंगच्या वाङ्मयात उत्तर नाही. शिवाय कंपनीने दिलेल्या गाडीची मूळ रचना बदलायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, हेही मी त्याला सांगितलं. त्याला गाडीत काही बदलायचं नव्हतंच.

कारण सुरगाण्याची शर्यत वेगळी आहे. एका बाजूला डांग, सापुताऱ्याचा घाट. दुसऱ्या बाजूला वणी, दिंडोरी करत नव्वद-एक किलोमीटरवर नाशिक. नागली-वरईच्या या मुलखात हल्ली हिवाळ्यात स्ट्रॉबेरी पिकते. भात दोन दिवस थांबतो, स्ट्रॉबेरी थांबत नाही. हळू गेलं तर ती नासते, आणि जोरात गेलं तर बाजारात स्ट्रॉबेरी पोचत नाही, जाम पोचतो. या दोन टोकांच्या मधोमध, घाटात दुसऱ्या गिअरवर, माझा खातेदार रोज एक शर्यत मारतो. हिरवा दिवा नाही, घड्याळ लावून बसलेला पंच नाही. खड्डे तेवढे हजर.

२०२२ च्या अखेरीस याच तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली. तक्रारीत रस्ता होता, पाणी होतं, दवाखाना होता. एक संस्थान म्हणून कारभार केलेला आणि १९४८ मध्ये मुंबई राज्यात आलेला हा मुलूख पंच्याहत्तर वर्षांनी रस्त्यापायी शेजारी जायला निघाला, ही गोष्ट मला जेट इंजिनाच्या ट्रकपेक्षा जास्त चकित करते. आजारी माणूस जीपमध्ये घालून नेताना कुणाला सेकंदाचा शतांश वाचवायचा नसतो. अर्धा तास वाचला तरी पुष्कळ. आणि तो अर्धा तास इंजिनात नाही, रस्त्यात आहे. रस्ता सुधारला तर आठपट ताकदही लागत नाही, घनमूळही काढावं लागत नाही.

तोवर आमचा खातेदार ओझ्यासकट धावतोय. त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जमा होतो. एवढ्या नेमाने तर आमचा पगारसुद्धा होत नाही.